तिसऱ्या हाताआधी भिंत तपासा

पत्र: आमच्या एका खोलीत नवा सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्यावर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन हात आणि हलक्या राखाडी इमल्शनचे दोन हात झाले. गिलावा संपल्यापासून रंग लागेपर्यंत जेमतेम अठरा दिवस गेले. आता खिडकीसमोरची १२ बाय १० फुटांची भिंत बाजूने पाहिली की काही ठिकाणी चकाकते, काही ठिकाणी अगदी निस्तेज दिसते. वायरिंगच्या झिऱ्या जिथे बुजवल्या तिथे तर वरपासून खालपर्यंत गडद पट्टा आहे. दुसऱ्या भिंतीच्या मागे न्हाणीघर आहे. तिथे जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि मऊ पांढरी भुकटी येते. प्रायमर लावलेला नाही. रंगारी म्हणतात, पुट्टी हाच प्रायमर. तिसरा हात मारला की सगळं झाकेल असंही ते म्हणतात. मारू का? आणि कपाट भिंतीला कधी लावता येईल?

उत्तर:

तिसरा हात आत्ता मारू नका. तुमच्या दोन भिंतींना दोन वेगळे त्रास आहेत. पहिल्या भिंतीवर तिसऱ्या हाताने थोडाफार फरक पडेल, पण पट्टे पुरते जाणार नाहीत. दुसऱ्या भिंतीवर तो हात पुढच्या काही आठवड्यांत पोपड्यांबरोबर खाली येईल. दोन्हीकडे दोष रंगात नसून रंगाखाली आहे, म्हणून आधी खाली काय चाललंय ते पाहू.

इमल्शनमध्ये मुख्यतः पाणी, रंगद्रव्य आणि रंगद्रव्याला धरून ठेवणारा चिकट घटक, म्हणजे बाइंडर, असतो. रंग हळूहळू वाळला तर बाइंडरचा सलग पापुद्रा तयार होतो. पण कोरडा गिलावा आणि कोरडी पुट्टी पाण्याला हपापलेली असतात. पृष्ठभाग जिथे जास्त शोषतो तिथे पाणी आणि त्याच्यासोबत थोडा बाइंडरही चटकन आत जातो. वर उरतं ते सैल धरलेलं रंगद्रव्य, म्हणून तो भाग निस्तेज दिसतो आणि हात फिरवला तर थोडी भुकटी लागते. गवंड्याने गुरमाळा जास्त फिरवून जिथे गिलावा घोटला असेल किंवा पुट्टी दाबून गुळगुळीत केली असेल तिथे शोषण कमी असतं. तिथे बाइंडर वर राहतो आणि भिंत चकाकते. एकाच डब्यातला रंग एकाच माणसाने लावला तरी भिंत अशी दोन रंगांची दिसते.

झिऱ्यांचं कारण थोडं निराळं आहे. भिंतीवरचा गिलावा १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असेल, पण झिरीत भरलेला माल २५ ते ४० मिलिमीटर खोल असू शकतो. त्यातलं पाणी निघायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. शिवाय झिरी बहुतेकदा घाईत, वेगळ्या प्रमाणाच्या मालाने भरलेली असते. म्हणून तिथला गडद पट्टा ओलीचाही असू शकतो आणि वेगळ्या शोषणाचाही. यातलं नेमकं कोणतं, हे चाचणीने ठरतं.

अठरा दिवस कमीच होते. सिमेंटच्या गिलाव्यावर पहिले सात दिवस आपण स्वतःच पाणी मारतो. भिंत सुकायला लागते ती त्यानंतर, म्हणजे तुमच्या भिंतीला सुकण्यासाठी अकरा दिवसच मिळाले. जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला निदान एक दिवस, तोही हवा खेळती असेल तर, हा ढोबळ अंदाज आहे. दमट हवेत त्याहून बराच जास्त वेळ लागतो. गिलावा संपल्यापासून २८ दिवस ही किमान मुदत समजा, आणि त्यानंतरही तारखेपेक्षा चाचणीवर विश्वास ठेवा. यात ओलीइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा क्षारतेचा आहे. ताज्या सिमेंटचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचं माप, १२ च्या वर असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन तो हळूहळू उतरतो. तो उतरण्याआधी रंग लावला तर काही रंगछटा जागोजागी उडतात किंवा बदलतात. तेलाचा रंग किंवा साधा तेलाचा प्रायमर लावला असेल तर सिमेंटची क्षारता त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करते. थर मऊ, चिकट होतो आणि सुटतो.

पुट्टी हाच प्रायमर, हे खरं नाही. पुट्टीचं काम भिंत सपाट करणं. शोषण एकसारखं करणं आणि वरच्या रंगाला पकड देणं हे प्रायमरचं काम आहे. घासलेली पुट्टी तर गिलाव्यापेक्षाही जास्त पाणी ओढू शकते, आणि घासल्यावर वर राहिलेली बारीक भुकटी पुसली नसेल तर रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो.

आधी या चाचण्या करा

पहिली प्लॅस्टिकची. साधारण दीड फूट बाय दीड फूट स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या. चारही कडा रुंद चिकटपट्टीने भिंतीला बंद करा. कुठेही फट राहू देऊ नका. एक तुकडा झिरीवर, एक झिरीपासून लांब, आणि एक न्हाणीघराकडच्या भिंतीवर, पोपडे खरवडून मोकळ्या केलेल्या जागी लावा. २४ तासांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालची जागा आजूबाजूपेक्षा गडद झाली असेल तर ओल भिंतीतून येते आहे. दव फक्त बाहेरच्या बाजूला असेल तर ते खोलीतल्या दमट हवेचं. सुया टोचून ओल मोजणारं यंत्र मिळालं तर वापरा, पण त्यावरचा आकडा एकटा वाचू नका. ही यंत्रं बहुधा लाकडासाठी बेतलेली असतात आणि भिंतीत क्षार असले की कोरड्या जागीही आकडा चढा दाखवतात. घरातल्या एखाद्या जुन्या, खात्रीने कोरड्या भिंतीवरचा आकडा शेजारी लिहा आणि फरक पाहा.

दुसरी चाचणी शोषणाची. चकाकणाऱ्या, निस्तेज आणि झिरीवरच्या अशा तीन जागी ओल्या स्पंजने पाण्याचा एकेक पुसट पट्टा ओढा. एका ठिकाणी पाणी काही सेकंदांत गडप झालं आणि दुसऱ्या ठिकाणी मिनिटभर तसंच चमकत राहिलं, तर असमान शोषण हेच कारण आहे. झिरीवर प्लॅस्टिकची चाचणी कोरडी आणि स्पंजची वेगळी आली तर निर्धास्त व्हा. तो भाग प्रायमरने सुटेल.

तिसरी पकडीची. धारदार पात्याने रंगावर इंचभर लांबीची फुली मारा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला काही लागलं नाही तर उत्तम. रंगाचा पापुद्रा आला तर तो उलटा करून बघा, कारण खरी माहिती मागच्या बाजूला असते. मागे पांढरी पीठासारखी भुकटी असेल तर पुट्टीची धूळ न पुसता रंग लावला होता. मागे पुट्टीचा सबंध पातळ थर आला तर पुट्टीच गिलाव्यावर धरलेली नाही, आणि तेवढ्या भागात पुट्टीसकट सगळं गिलाव्यापर्यंत काढावं लागेल. मागची बाजू ओलसर किंवा लिबलिबीत असेल तर रंग ओल्या भिंतीवर लागला होता.

चौथी पांढऱ्या भुकटीची. थोडी भुकटी चमच्यात घेऊन पाण्यात टाका. विरघळली तर तो क्षार आहे, म्हणजे ज्याला आपण लोणा म्हणतो तो. न विरघळता तंतूंसारखी तरंगली तर बुरशी. बुरशीवर पातळ ब्लीचचा थेंब टाकला की तिचा रंग पटकन उडतो. तुमच्या वर्णनावरून हा लोणाच वाटतो: भिंतीत पाणी आहे, ते विटा आणि सिमेंटमधले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाखाली फुलून त्याला ढकलतात.

पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या मिळाल्या तर पाचवीही करा. खरवडलेल्या जागेवर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी थेंबभर लावा, मिनिटभर थांबा आणि पट्टी दाबा. ९ किंवा त्याखाली उत्तर आलं तर निश्चिंत राहा. १० च्या वर आलं तर थांबा, किंवा डब्यावर क्षाररोधक असं स्पष्ट लिहिलेला प्रायमरच वापरा.

खिडकीसमोरची भिंत

ही भिंत कोरडी ठरली असं धरून पुढचं सांगतो. ती ओली निघाली तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा मंद गतीवर चालू ठेवा आणि आठवड्याने प्लॅस्टिक पुन्हा लावा. हीटर किंवा हॅलोजनचा दिवा भिंतीजवळ लावून सुकवायचा मोह टाळा. वरचा थर आधी वाळतो, आकसतो, त्याला केसांसारख्या भेगा पडतात आणि आतली ओल तशीच राहते.

कोरड्या भिंतीवर आधी फुलीची चाचणी पाच-सहा ठिकाणी करा. रंग सगळीकडे धरून असेल तर तो खरवडून काढायची गरज नाही, आणि बरेच पैसे व श्रम इथेच वाचतात. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने सबंध भिंत हलकीशी घासा. हेतू रंग काढण्याचा नाही, चकाकी मारण्याचा आहे. चकाकणाऱ्या भागावर जरा जास्त हात फिरवा. घासताना एन-९५ मास्क आणि चष्मा घाला, कारण रंग आणि पुट्टीची ही धूळ फुप्फुसात गेलेली अजिबात चांगली नाही. नंतर मऊ ब्रशने धूळ झाडा आणि पिळून काढलेल्या ओल्या कापडाने वरून खाली पुसा. कापड दर काही फुटांवर धुवा. तळव्याने भिंत पुसली की तळवा स्वच्छ राहायला हवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण रंगकामात सर्वांत जास्त वेळा चुकतं तेही हेच.

झिऱ्यांच्या कडेला भेगा दिसत असतील तर त्या आता हाताळा. भेग पुट्टी लावायच्या पत्तीच्या टोकाने इंग्रजी व्ही अक्षरासारखी ३ ते ५ मिलिमीटर रुंद उघडा, धूळ काढा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. माल आकसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा भरावा लागतो. सबंध झिरीची कड उघडली असेल तर वरून दोन इंच रुंदीची फायबर जाळीची पट्टी लावा आणि तिच्यावर पुट्टीचे दोन पातळ हात घ्या. पुट्टी कालवताना १ किलो पावडरला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागतं. पिशवीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नको, म्हणजे गाठी होत नाहीत. दोन हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका, जाड पुट्टी तडकते. कडा भिंतीत विरघळल्यासारख्या दिसायला हव्यात, म्हणून पत्ती दुरुस्तीच्या बाहेर सहा-आठ इंचांपर्यंत ओढा. रात्रभर वाळू द्या, मग १८० आणि शेवटी २२० नंबरने घासा.

आता प्रायमर. पाण्यात मिसळणारा, आतल्या सिमेंटच्या भिंतींसाठीचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या. नव्या भिंतीला तो बरा, कारण आतली उरलीसुरली वाफ तो बाहेर जाऊ देतो. पाणी किती घालायचं हे डब्यावर पाहा आणि मापाने घाला. अंदाजाने धार धरली की पहिल्या बादलीत पातळ आणि दुसऱ्या बादलीत घट्ट असा प्रकार होतो, आणि नवे पट्टे तिथूनच सुरू होतात. आधी फक्त दुरुस्त केलेल्या जागांवर आणि झिऱ्यांवर एक हात लावा. तो वाळला की सबंध भिंतीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक हात लावा. फक्त डागांवर प्रायमर लावून थांबलात तर डाग उलटे होतील. आज गडद आहेत ते उद्या उजळ दिसतील.

प्रायमर वाळल्यावर स्पंजची चाचणी पुन्हा करा. तिन्ही जागी पाणी सारख्याच वेळात शोषलं जायला हवं. अजून फरक दिसला तर प्रायमरचा आणखी एक हात द्या. इथे वाचवलेला प्रायमर पुढे रंगाच्या दुप्पट हातांनी वसूल होतो.

मग इमल्शनचे दोन हात. डबे एकापेक्षा जास्त असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करा. एकाच छटेच्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक असू शकतो आणि भिंतीच्या मध्यावर डबा बदलला की तो दिसतो. तळापासून काठीने ढवळा, आणि कामाच्या मधेही दर अर्ध्या तासाने ढवळा. पाणी इथेही मापाने घाला. जास्त पाणी घातलेला रंग पसरतो छान, पण झाकत नाही, आणि मग तिसरा-चौथा हात लागतो.

गुळगुळीत भिंतीला ९ ते १२ मिलिमीटर लवीचा ९ इंची रोलर चांगला. नवा रोलर आधी धुऊन वाळवा, सुटे तंतू निघून जातात. कोपरे आणि कडा अडीच इंची ब्रशने भरा, पण एका वेळी एकाच भिंतीच्या. चारही भिंतींच्या कडा सकाळी भरून ठेवल्या आणि रोलर दुपारी घेतला, तर भिंतीभोवती तसबिरीच्या चौकटीसारखी गडद पट्टी उमटते. कड ओली असतानाच रोलर तिच्यावर जितका जवळ नेता येईल तितका न्या.

रोलरने दोन-अडीच फूट रुंदीचा पट्टा छतापासून खालपर्यंत भरा. आधी तिरपा फिरवून रंग पसरवा, मग दाब न देता वरून खाली एकाच दिशेने ओढून संपवा. पुढचा पट्टा मागच्या पट्ट्याची कड ओली असताना त्यावर निम्मा चढवून घ्या. कड सुकली की जोड दिसतोच. म्हणून भिंत अर्धी सोडून चहाला जाऊ नका, आणि १२ फुटांच्या भिंतीला शक्य असेल तर दोन माणसं लावा: एक कडा भरणारा, एक रोलर फिरवणारा. रंगताना पंखा बंद ठेवा आणि भिंतीवर थेट ऊन पडत असेल ती वेळ टाळा. पट्टा भरून पाच-दहा मिनिटं झाली की एखादी राहिलेली जागा दिसली तरी तिच्याकडे परत जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर रोलर फिरवला की पापुद्रा उचलला जातो. ती जागा पुढच्या हातात भरेल.

दोन हातांमध्ये चार ते सहा तास, हवा दमट असेल तर रात्रभर थांबा. भिंतीचा अंतिम निवाडा दुसरा हात लागून २४ तास झाल्याशिवाय करू नका. अर्धओलं इमल्शन सगळीकडेच ठिगळासारखं दिसतं आणि अनेक लोक त्या दृश्याला घाबरून नको ती डागडुजी सुरू करतात. पुढे कधी ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी ब्रश लावलात तर तो डाग दिसेल, विशेषतः चकाकी असलेल्या रंगात. शक्यतो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतच घ्या.

तुमच्या या भिंतीसाठी मालाचा हिशेब: १२ बाय १० म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. प्रायमरने शोषण बंद केलेल्या पृष्ठभागावर चांगलं इमल्शन, पाणी घालण्यापूर्वीचा एक लिटर, एका हाताला सुमारे १० चौरस मीटर जातं. म्हणजे दोन हातांना २.२ लिटर, डागडुजीसाठी थोडं राखून अडीच लिटर धरा. प्रायमर सुमारे दीड लिटर लागेल. प्रायमर न लावता कोऱ्या पुट्टीवर हेच इमल्शन त्याहून बरंच कमी क्षेत्र झाकतं, म्हणजे प्रायमर टाळून बचत होते हेही फसवं आहे.

यात रंगाच्या निवडीचाही भाग आहे. खिडकीसमोरच्या भिंतीवर उजेड घसरत पडतो आणि प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. रात्री खोलीतले दिवे मालवून भिंतीला टेकवून टॉर्च धरलात तर पुट्टीतले चढउतार स्वच्छ दिसतील. ते पेन्सिलने खुणा करून प्रायमरच्या आधी सारखे करून घ्या. आणि या भिंतीला चकाकीचा नको, मॅट रंगच लावा. मॅट रंग धुवायला थोडा कमी टिकाऊ, पण असमानता माफ करतो.

न्हाणीघराकडची भिंत

इथे रंगाचा विचार सगळ्यात शेवटी येतो. पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत या भिंतीवर काहीही लावू नका, विशेषतः ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा कुठलाही लेप आतल्या बाजूने नको. पाणी मागून येत असताना पुढून दार लावलं तर ते वर चढतं, आणि आज फूटभर असलेले पोपडे उद्या दोन फुटांवर दिसतात.

ओलीची वरची कड पेन्सिलने आखा आणि शेजारी तारीख लिहा. शक्यता तीन आहेत. गिलावा आणि फरशीच्या कामातलंच पाणी अजून निघत असेल, तर रेष दोन आठवड्यांत खाली उतरेल. न्हाणीघरातली नळाची वाहिनी गळत असेल, तर घरातले सगळे नळ बंद करून, टाकी भरणारी तोटीही बंद करून, दोन तास पाण्याच्या मीटरकडे लक्ष ठेवा. आकडा सरकला तर गळती दाबाच्या वाहिनीत आहे. मीटर स्थिर असूनही रेष चढत असेल, तर संशय न्हाणीघराच्या फरशीवर किंवा सांडपाण्याच्या वाटेवर जातो. मग सांडपाण्याच्या जाळीचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा आणि पातळी खुणेने मोजा. पाणी उतरलं आणि या बाजूची रेष चढली, तर फरशीचे सांधे किंवा त्याखालचं जलरोधक काम फुटलेलं आहे. ते न्हाणीघरातूनच दुरुस्त व्हायला हवं.

पाणी थांबल्यावर सैल रंग आणि सैल पुट्टी पत्तीने काढून टाका, ओलीच्या रेषेच्या निदान फूटभर वरपर्यंत. उघडा गिलावा किल्लीच्या टोकाने ओरखडून बघा. ओरखडा पांढरट, कोरडा आणि कडक असेल तर गिलावा वाचला. वाळू भुरभुर गळत असेल तर तेवढा गिलावा विटेपर्यंत उतरवून नवा करावा लागेल, कारण क्षारांनी भरलेला गिलावा पुढेही हवेतला दमटपणा ओढत राहतो.

लोणा कोरड्या, राठ ब्रशने झाडा आणि खाली पडलेला लगेच उचला. पाण्याने धुऊ नका. क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात आणि आठवड्याने पुन्हा फुलतात. झाडल्यावर चार-पाच दिवस थांबा, पुन्हा आला तर पुन्हा झाडा. दोन आठवडे नवा लोणा आला नाही आणि प्लॅस्टिकची चाचणी कोरडी आली, की मगच क्षाररोधक प्रायमर, पातळ पुट्टी, घासकाम, पुन्हा प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात, असा क्रम घ्या. पाण्याचे तपकिरी डाग उरले असतील तर ते साध्या पाण्याच्या रंगातून पुन्हा वर येतात. कोरड्या झालेल्या डागावर डाग रोखणारा, पाण्याऐवजी द्रावकात बनवलेला प्रायमर फक्त तेवढ्यापुरता लावा आणि नंतर सबंध भिंतीला नेहमीचा प्रायमर द्या.

या सगळ्याला दीड-दोन महिने लागू शकतात. त्या काळात भिंत उघडी, ओबडधोबड दिसेल. ती तशीच दिसू द्या, झाकलेली भिंत सुकत नाही.

ज्यांचा गिलावा सिमेंटचा नसून जिप्समचा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तो ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की सगळीकडे एकसारखा फिका होतो. मधे एकही गडद ठिपका असेपर्यंत थांबा. दोन-तीन मिलिमीटरचा पातळ थर हवेशीर खोलीत आठवड्याभरात वाळतो, जाड थराला महिनाही लागतो. त्यावर पहिला हात साध्या मॅट इमल्शनचा, तीन ते चार भाग रंगाला एक भाग पाणी घालून द्या, म्हणजे तो आत शिरून पकड धरतो. चकाकीचा घट्ट रंग थेट लावला तर तो वरच वाळतो आणि चिकटपट्टीबरोबर सबंध पापुद्रा निघतो. लाकडाचा पांढरा गोंद पाण्यात मिसळून प्रायमर म्हणून लावायचा सल्ला कोणी दिला तर नाकारा. ओल आली की तो पुन्हा मऊ होतो आणि वरचा रंग सोडतो.

कपाटाबद्दल: खिडकीसमोरच्या भिंतीला शेवटचा हात लागल्यावर रंग काही तासांत कोरडा वाटेल, पण त्याला पूर्ण कडकपणा यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर भिंत ओल्या कापडाने पुसू नका आणि काही टेकवू नका. त्यानंतर कपाट ठेवताना मागे दोन-तीन इंच फट सोडा. न्हाणीघराकडच्या भिंतीला मात्र ते सध्या लावूच नका. पेन्सिलच्या रेषा एका दमट ऋतूतून गेल्या आणि हलल्या नाहीत, मग लावा.